चार तुकड्यांची अट

पार्सल हातात आलं तसं पारमितानं ते कानाशी नेऊन हलवलं, आणि कासाराच्या पेटाऱ्यात हात घालावा तसा आतून खळखळ आवाज आला. खोक्यावर ‘आत काच आहे, जपून’ असं तीन भाषांत लिहिलं होतं. उचलणाऱ्याला बहुधा चौथीच येत असावी.

शुक्रवारची दुपार होती. रविवारी आईला जाऊन वर्ष होणार होतं. निपाणीच्या या दोन खोल्यांच्या घरात भंतेजी येणार, बेळगावहून धाकटा भाऊ संघर्ष येणार, आईच्या विडी वळणाऱ्या मैत्रिणी येणार आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या शेजारी आईचा, सत्यव्वाचा फोटो मांडला जाणार. त्यासाठीच पारमिता नर्सिंग कॉलेजातून चार दिवसांची सुट्टी काढून आली होती.

तिनं खोका फोडला. फ्रेम शाबूत होती, काच तेवढी चक्काचूर झालेली. एका टोकदार तुकड्यानं आईच्या डोळ्याखालून थेट गळ्यापर्यंत चरा ओढला होता.

तिचे वडील, आप्पा, चष्मा सावरत जवळ आले. बराच वेळ बघत राहिले.

“लई गोरी केलीया,” एवढंच म्हणाले आणि पायताण घालून बाहेर गेले.

आप्पांना तो चरा बघवला नसणार, असं पारमिताला वाटलं.

आईचा धड फोटो एकच होता, विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. मोबाईलमधे होते पंधरा-वीस, पण सगळ्यांत ती हसता हसता पदर तोंडावर ओढून घेतलेली. चौकातल्या स्टुडिओवाल्यानं ओळखपत्र उलटंपालटं करून सांगितलं होतं, “मॅडम, ह्यो मोठा केला तर नुसती रवाळी दिसंल.” म्हणून तिनं इंटरनेटवर ती कंपनी शोधली होती. जुना, बारका फोटो पाठवा, रंगीत आणि मोठा करून, फ्रेमसकट घरपोच.

तिनं फुटक्या काचेचे फोटो काढून कंपनीला पाठवले. पलीकडून आदर्श नावाच्या कुणीतरी लगोलग उत्तर दिलं. झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी, दुसरा फोटो फुकट, आज सहाच्या आत सगळं पुरं झालं तर पुण्याहून गाडी निघेल आणि रविवारी सकाळी दारात. अट एकच होती. खराब झालेल्या फोटोचे चार तुकडे करा आणि तुकड्यांचा फोटो पाठवा. खोटी तक्रार करून लोक एकाचे दोन घेतात, म्हणून हा नियम.

पारमितानं तो निरोप तीनदा वाचला. मग उठून घागर भरायला गेली, तर घागर भरलेलीच होती. परत येऊन बसली. पुन्हा उठली. फोटो भिंतीला टेकवला तर आई बघायला लागली, पालथा घातला तर जीव घाबरा झाला.

तिनं संघर्षला फोन लावला.

“मग काप की आक्का. कागद हाय त्यो.”

“तू काप बघू इथं येऊन.”

“मी रविवारी येतोय न्हवं.”

“व्हय, जेवायच्या वक्ताला.”

तो हसला. “डोळं मिटून काप,” म्हणाला आणि फोन ठेवला.

तीन वाजले. तिनं फळीवरून आईचा डबा काढला. आत आईची कातर होती, अंगठ्याच्या जागी चिंधी गुंडाळलेली, आणि पानं कापायचा मापाचा पत्रा. भिजवलेल्या पानावर तो पत्रा ठेवायचा, कडेकडेनं कातर फिरवायची. दिवसाला हजार वेळा. सूप मांडीवर घेऊन आई गुणगुणायची तेव्हा कातरीचा ताल आपसूक धरला जायचा.

*पानं कापिते मापानं, माप दुसऱ्याच्या हातात,*
*माझ्या पारूचं गं माप, हाय तिच्याच मनात.*

त्या कातरीनं आईलाच कापायचं. पारमितानं पातं कागदाच्या कडेला लावलं आणि काढून घेतलं. पुन्हा लावलं. वर्गात मुलींना टाके काढायला शिकवणारी ती, पण आज पातं कागदात शिरेना.

साडेचारला यल्लव्वा मावशी आली. आईची जन्माची जोडीदारीण. दोघींनी एकाच पायरीवर चाळीस वर्षं विड्या वळलेल्या. रविवारसाठी तांदूळ निवडायला म्हणून आली, ती भिंतीपाशीच थबकली.

“कुणाचा गं फोटू ह्यो?”

“मावशी, असं काय करतीस? आईचा.”

यल्लव्वा खाली बसली. फोटो मांडीवर घेतला, सूप घ्यावं तसा. बोटानं त्या चऱ्याच्या बाजूबाजूनं चाचपत राहिली.

“चरा पडलाय, मावशी. काच फुटली.”

“चऱ्याचं र्‍हाऊ दे. हिचं गोंदण कुठं हाय?”

पारमिता वाकली. कपाळ लख्ख होतं. हनुवटी गुळगुळीत होती, एखाद्या साबणाच्या जाहिरातीतली असावी तशी. आईच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते, राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे. लहानपणी पारमिता आईच्या मांडीवर झोपताना ते मोजायची. एक, दोन, तीन; आणि चौथा म्हणून आईच्या नाकाला हात लावायची.

“आमी दोघी संगंच बसलो गोंदायला,” यल्लव्वा म्हणाली. “म्या बोंब मारली. सत्यीनं तोंडातनं आवाज काढला न्हाई. निस्तं माझ्या हाताला चावली. ह्ये बघ.” तिनं मनगट दाखवलं. तिथं काही नव्हतं, पण दोघींनी बघितलं.

मग ती हळूच म्हणाली, सांगितल्यासारखी आणि गायल्यासारखी.

*लुगडं फाटूनिया जाई, डोरलं मोडूनिया जाई,*
*हनुवटीचं गोंदण, माझ्या संगतीला येई.*

पारमिताच्या कानात त्या ओळी शिरल्या आणि तिला तो अर्ज आठवला. कंपनीच्या अर्जात एक चौकट होती, ‘चेहरा स्वच्छ करावा’. तिनंच तिथं खूण केली होती. नमुना आला तेव्हा ती कॉलेजला जाणाऱ्या गाडीत उभी होती. दोन बोटांनी मोठा करूनसुद्धा बघितला नाही. आई किती उजळ दिसते, एवढं मनात आलं, कुठंतरी बरंही वाटलं, आणि तिनं ‘पसंत’ दाबलं. काच वाटेत फुटली ती नंतर. आई त्याआधीच पुसली गेली होती, तिच्याच बोटानं.

आप्पांनी दुपारीच ओळखलं होतं.

तिनं आदर्शला लिहिलं, हनुवटीवर तीन ठिपके होते, ते परत हवेत. उत्तर आलं, दुरुस्तीला चार दिवस लागतील. रविवारी हवा असेल तर आहे तसाच मिळेल. आणि तुकड्यांचा फोटो अजून आलेला नाही. पाऊण तास उरला आहे.

पारमिता आत गेली, बाहेर आली. उंबऱ्यावर उभी राहिली. परत आत गेली आणि आईच्या पेटीतून ते ओळखपत्र घेऊन आली. प्लास्टिक पिवळं पडलेलं, खांद्यावर निळ्या शिक्क्याची कड, आणि त्या अंगठ्याएवढ्या तोंडावर, नीट निरखलं तर, तीन बारीक ठिपके.

तिनं फोटो पालथा केला. पांढऱ्या बाजूच्या बरोबर मधे आईचा मापाचा पत्रा ठेवला.

“काय करतीस गं?”

“पान कापते, मावशी.”

कातरीचं टोक कागदात रुतलं. पत्र्याच्या कडेकडेनं कातर फिरली, करकर करकर, आणि आयताकृती तुकडा खाली पडला. कागदात पडलेल्या त्या खिडकीमागं तिनं ओळखपत्र चिकटवलं. फोटोपुरतंच दिसत होतं. फुटकी काच काढून टाकली आणि रिकाम्या फ्रेममधे ते बसवलं. एवढा मोठा पांढरा कागद आणि मधे एवढीशी आई, मापात.

गंमत म्हणून तिनं त्याचाच फोटो कंपनीला पाठवला. सहाला पाच मिनिटं कमी असताना आदर्शचं उत्तर आलं, “मॅडम, चार तुकडे दिसत नाहीत.”

“एकच केला,” तिनं लिहिलं. “दुसरा पाठवू नका.”

रविवारी वंदना झाली. एकेक जण मेणबत्ती लावून फोटोपुढं आला आणि एकेकाला वाकावं लागलं, कारण लांबून काहीच दिसत नव्हतं. विडी वळणाऱ्या बायका वाकल्या, कंबर धरून. भंतेजीही जरा झुकले. संघर्ष वाकून आला आणि आक्काच्या कानाशी लागला. “जरा मोठा करायचा हुता.”

“जवळ जायचं मग,” ती म्हणाली.

शेवटी आप्पा उठले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. नाक कागदाला टेकेल इतके वाकले. मधे काच नव्हतीच. त्यांनी करंगळी पुढं नेली, अगदी हळू, आणि ओठ हलले, मोजल्यासारखे.

“तिन्ही हाईत,” ते म्हणाले.