फुलं नकोत, वल्ही द्या

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. कुंडी नाही! हे आधीच सांगून टाकते, कारण मधली काही वर्षं आमच्या गावाने मला कुंड्यांतच जमा केलं होतं.

माझा जन्म लेट्रिम परगण्यातल्या ड्रिनन तळ्याकाठचा. मॉसी गिलरेन नावाच्या सुताराने मला ओकच्या फासळ्यांवर लार्च नावाच्या झाडाच्या चिवट फळ्या ठोकून बांधलं. तळ मुद्दाम चपटा ठेवला. तळ्यातल्या बेटावर संताची विहीर आहे, छप्पर उडालेलं चर्च आहे आणि त्याहून जुना एक उभा दगड आहे. ऑगस्टच्या जत्रेला सगळे तिथे जातात. उतरायची जागा बेटाच्या पलीकडे. तिकडे जाताना बेट उजव्या हाताला ठेवायचं, सूर्याच्या चालीने. त्या वाटेवर पाण्याखाली खडक आहेत, म्हणून तर माझा तळ चपटा!

मी नवरानवरी नेली, शवपेट्या नेल्या, एकदा रुसलेलं वासरूही नेलं. मॉसीमागे त्याची मुलगी डिम्फ्ना मला वल्हवू लागली. लोक म्हणत, "हिच्यात बसलं की पाय ओला होत नाही." ऐकून मी फुगत असे.

मग पर्यटकांसाठी इंजिनाची बोट आली. डिम्फ्ना कंबरेच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती, तेवढ्यात तिचा भाचा फिन्टन, गावाच्या सुशोभन समितीचा अध्यक्ष, याने मला उचलून चौकात ठेवलं. पाणी निचरायला माझ्या तळाला भोकं पाडली, वर माती भरली आणि पेटुनिया लावले. होडीच्या तळाला भोकं! मला इतका संताप आला, की एकही फूल जगू नये असं वाटलं. मेले तरारून फुलले. डिम्फ्ना घरी परतली, पण तिच्या कंबरेला वल्ही मारणं जमेना, म्हणून तिनेही मला तिथेच राहू दिलं.

यंदा जत्रेच्या आधी डिम्फ्ना काठी टेकत पहिल्यांदाच नव्या बोटीत चढली. खडक टाळायला बोट उजवीकडे वळली, बेट डाव्या हाताला आलं, तशी ती उभीच राहिली.

"फिरव मागे! उलट्या बाजूने शाप द्यायला जातात."

"आत्या, बेट तेच ना?" फिन्टन म्हणाला. "इकडून काय नि तिकडून काय!"

"मग रविवारी चर्चला पँट उलटी घालून ये. पँट तीच ना?"

सगळी बोट हसली. डिम्फ्ना गावच्या काठावर परत उतरली ती तडक चौकात आली आणि फावड्याने पेटुनिया उपसू लागली.

"आत्या, ही आता तरंगायची नाही," फिन्टन मागून धावत आला. "जत्रेत सगळ्यांसमोर बुडाली, तर पुन्हा कुंडी. कबूल?"

"कबूल. पण वल्ही तू मारायची. माझी कंबर गेलीय, जीभ शाबूत आहे."

भोकांत ओकच्या खुंट्या ठोकल्या. मग मला उथळ पाण्यात दगड भरून बुडवलं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फटी मिटतात. आमच्याकडे होडीला असं बुडवून जगवतात. त्यात गंमत अशी, की फिन्टनने फुलांना रोज इमानाने पाणी घातल्यामुळे माझ्या फळ्या फारशा सुकल्याच नव्हत्या.

जत्रेच्या दिवशी सगळा गाव काठावर जमला. मी भ्यायले होते, खोटं कशाला बोलू? खडकांजवळ एका फटीतून पाणी आलं. डिम्फ्ना पातेल्याने ते उपसत ओरडली, "ओढ रे! आजोबा बघतोय तुझा!" फिन्टन घामाघूम झाला. खालून एक खडक खरवडून गेला, पण मी त्याच्यावरून सरकले. बेट सगळा वेळ आमच्या उजव्या हाताला होतं.

पलीकडे उतरल्यावर फिन्टनने माझ्या काठावर हात ठेवला. "आत्या," तो हळूच म्हणाला, "पाय ओला नाही झाला."

"खोटारडा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची कीव करू नका, त्यांना सजवूही नका. झिजायचं आहे ते कामात झिजू द्या. फुलं मेलेल्यांना वाहतात. मला वल्ही द्या!