लिंबाएवढी सुबुद्धी

फर्निचरच्या त्या कारखान्यात मालकांना सगळे पाठीमागे ‘करवत’ म्हणत, कारण करवत जातानाही कापते आणि येतानाही. कामगार चुकला तर मालक त्याला सोलून काढत. नाही चुकला तर आज सूर्य कुठून उगवला म्हणून सोलून काढत. मग घरी आले की बायकोची पाळी. भाजीत मीठ बरोबर पडलं, तर बरोबर पडायला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न. जिन्यावर त्यांची चप्पल वाजली की बाईंचे हात आपोआप भराभर चालू लागत. याला चारचौघांत मालकांचा दरारा म्हणत. नातेवाईक तर कौतुकानं सांगत, माणूस फणसासारखा आहे हो, वरून काटे, आतून गरे. सांगणाऱ्यांपैकी कुणी फणस मांडीवर घेऊन संसार केलेला नव्हता.

बाई देवाच्या मोठ्या लाडक्या, निदान त्यांची तशी समजूत होती. देवाकडे मागणं एकच. घर नको, दागिना नको, यांना तेवढी सुबुद्धी दे.

आणि ती आली. वाजतगाजत नाही, एका साध्या सकाळी आली. पॉलिशवाला म्हातारा टेबलावर हात फिरवत होता. मालकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तुमच्या हातात जादू आहे, दमला असाल, बसा जरा. म्हातारा मटकन खालीच बसला. त्याला वाटलं, नोकरी गेली. संध्याकाळी तो मालकांच्या घरी येऊन दारातच विचारू लागला, वहिनी, माझं काय चुकलं ते तरी कळू दे. बाई म्हणाल्या, मला काय विचारता, आज यांनी मला ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं, तेव्हापासून माझ्याच घशाखाली घास उतरत नाहीये.

पुढचे काही महिने बाईंनी जे पाहिलं ते त्यांनी लग्नाआधीच्या स्वप्नातही पाहिलं नव्हतं. मालक स्वयंपाकघरात येऊन बसत. बटाटे सोलत, म्हणजे निम्मा बटाटा सालीबरोबर घालवत. तोच विनोद दोनदा सांगत आणि दोन्ही वेळा स्वतःच पोट धरून हसत. दूध करपलं, अख्खं घर धुरानं भरलं, तर म्हणाले, छान झालंय दूध, आणि वाटीभर प्यायले. बाईंना वाटलं, प्रेम आंधळं असतं म्हणतात, नाकही बंद करतं बहुतेक.

घरच्या लोकांनी हे सगळं चालवून घेतलं असतं. पण मालक गिऱ्हाइकांशीही तसेच वागू लागले. एक जोडपं कपाट बघत होतं. मालक जवळ जाऊन म्हणाले, हे नका घेऊ, पावसाळ्यात याचं दार फुगतं. गिऱ्हाईक निघून गेलं आणि मालकांच्या मुलाची झोप उडाली. बाप आईला रडवत होता तोवर तो स्वभाव होता. बाप खरं बोलू लागला तेव्हा मात्र तो आजार झाला. हाच मुलगा बापाच्या जाचाला कंटाळून कधीकाळी वेगळा राहायला गेला होता. आता तोच घरभर सांगत फिरला की बाबांचं डोकं फिरलंय. नणंदबाई धावत आल्या, भावाला कांदा चिरताना पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. पुरुषमाणसाची ही दशा बघवत नाही म्हणाल्या. चाळीस वर्षं भाऊ बायकोवर खेकसत होता, ते त्यांना छान बघवत होतं. कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय असंही त्यांचं मत पडलं, आणि मत सांगताना त्यांची नजर बाईंवरून हलली नाही.

शेवटी मुलानं मालकांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मात्र एकच साधा प्रश्न विचारला. यांना वास येतो का? बाईंना करपलेलं दूध आठवलं. तपासणीचा फोटो आला. कपाळाच्या मागे, मेंदूच्या पुढच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ. कर्करोग नव्हे, पण हळूहळू वाढणारी. वासाची नस तिनं आधीच दाबली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की रागाचा, हिशेबाचा, भिडेचा लगाम मेंदूच्या त्याच भागात असतो. तिथं दाब आला की बहुतेक माणसं बिघडतात, क्वचित एखाद्याचं उलटं होतं.

मुलानं विचारलं, गाठ काढल्यावर बाबा पहिल्यासारखे होतील ना? डॉक्टर म्हणाले, बरेचसे. मुलानं सुटकेचा निःश्वास टाकला.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

“थोडी आत ठेवता येईल का हो?”

मुलाला आईची लाज वाटली. डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की ठेवली तर ती डोळ्यांच्या नसांवर जाईल. आधी दृष्टी जाईल, मग माणूस.

निर्णय मालकांचा होता, पण मालक आता कशालाच नाही म्हणत नसत. तू म्हणशील तसं, म्हणून ते मोकळे झाले. म्हणजे बाईंनी हो म्हणायचं, आणि आयुष्यात एकदाच भेटलेला नवरा स्वतःच्या हातानं परत करायचा. त्या दुपारी त्या देवाशी कडाकडा भांडल्या. तुझ्या दारात इतकी वर्षं डोकं आपटलं, तू दिलीस ती सुबुद्धी नव्हे तर गाठ, आणि तीही परतीच्या बोलीवर. माणसाला शहाणा करायचा दुसरा रस्ताच तुझ्याकडे नव्हता का? देव नेहमीप्रमाणे ऐकून घेत राहिला. भांडून दमल्यावर बाईंना स्वतःलाच उमगलं की यात ठरवण्यासारखं काही नाही. पूर्वीच्या करवतीसाठी विचार केला असता एखादवेळी. पण जो ‘जेवलीस का’ विचारतो, त्याला आंधळा कसा होऊ द्यायचा?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी इस्पितळात मालकांनी त्यांचा हात हातात घेतला.

“मी परत तसाच झालो तर?”

“तर बघू.”

“मला सांग तू तेव्हा. मी ऐकणार नाही, पण सांग.”

शस्त्रक्रिया उत्तम झाली. मालक शुद्धीवर आले, नर्स उशी सारखी करत होती, आणि त्यांचे पहिले शब्द निघाले, उशी लावताय की पोतं फेकताय? मुलाचे डोळे भरून आले. त्यानं बाहेर जाऊन फोनवर फोन केले, बाबा परत आले, नर्सला काय झाडलंय म्हणून सांगू. नणंदबाईंनी हात जोडले, देव पावला म्हणाल्या. माणूस गोड बोलला तर त्याच्या कवटीचे फोटो काढायचे, आणि खेकसला तर देवाचे आभार मानायचे, अशी ही गोतावळ्याची अक्कल. त्या अकलेचा फोटो काढायला मात्र कुणी तयार नसतं.

घरी आल्यावर लोकांनी मालकांना त्यांचेच किस्से सांगितले. ते शरमले, चिडले, आणि मग त्यांना एक वाक्य सापडलं. ते मी नव्हतो, ती गाठ होती. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की भेटेल त्याला ऐकवू लागले. पॉलिशवाल्याला बोलावून सांगितलं, तेव्हा जे काही बोललो ते धरून बसू नकोस. म्हातारा ‘बरं’ म्हणाला आणि कामाला लागला.

रात्रीच्या जेवणाला पोळी जरा जाड झाली. मालकांनी ती ताटातच उलटीपालटी केली आणि करवत चालू झाली. मग म्हणाले, त्या चार महिन्यांत डोक्यावर चढून बसली आहेस, पण ते सगळं गाठीनं केलं, मी नाही.

बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“गाठीनं केलं ना? मग त्याआधी चाळीस वर्षं केलंत, ते कुणी केलं? तेव्हा तर आत काहीच नव्हतं.”

मालकांनी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या तोंडात उत्तर तयार असे, त्यात नेमका पोळीचा घास होता.

“मी कालच विचारून आलेय डॉक्टरांना,” बाई म्हणाल्या. “आता आत सगळं ठीक आहे म्हणाले. तेव्हा आजपासून जे बोलाल ते तुमचं. गाठीवर ढकलायचं नाही. सांग म्हणाला होतात, सांगितलं.”

मालकांनी घास कसाबसा गिळला. मग म्हणाले, पाणी दे. बाई उठल्या नाहीत. त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं आणि शांतपणे जेवू लागल्या. मालकांनी तांब्याकडे पाहिलं. तो त्यांच्या हातापासून वीतभरही लांब नव्हता, पण तो उचलायचा असतो हे त्यांच्या हाताला कुणी शिकवलं नव्हतं. दाढ उपटताना माणूस जसा दिसतो तसा त्यांचा चेहरा झाला.

“देशील का?” ते म्हणाले.

याला कुणी चमत्कार म्हणू नये. बाईंनीही म्हटलं नाही. त्यांनी फक्त पाणी दिलं आणि पुन्हा जेवायला बसल्या.