चुऱ्याच्या यादीतला जिझो

मित्रांनो, हिरासे शहराच्या पूर्वेकडच्या चौकातला मी एक जुना दगडी जिझो, पोरांचा नि वाटसरूंचा राखणदार देव. राखणदाराने भिऊ नये म्हणतात. पण मी फार भ्यालो, तेच सांगतो.

पाथरवटाने मला घडवलं तेव्हा इथे भातखाचरांतली पायवाट होती. मग रेशमाची गिरणी आली. तिथल्या पोरी कामावर जाताना मला हात जोडत. रेल्वे आली. युद्धात आभाळातून आग पडली, सगळं जळालं, माझा डावा गाल काळा पडला. त्याच राखेवर मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने उठले, भोवतालची नऊ गावं शहरात विरघळली, वस्ती तीन लाखांवर गेली. आणि एक दिवस रस्त्याला माझी जागा हवी झाली.

आमच्याकडे देवाला तसंच उचलत नाहीत. आधी भिक्षू मूर्तीतला प्राण काढून घेतात, नव्या जागी पुन्हा घालतात. मंत्र झाले. "आता हा नुसता दगड. उचला," भिक्षू म्हणाले. तीन महिन्यांत परत बसवू, असं सांगून मला नगरपालिकेच्या आवारात ठेवलं.

एप्रिल उजाडला. एप्रिलात आमच्या कचेऱ्यांत बदल्या होतात. शब्द देणारे साहेब गेले. त्यांच्या जागी आलेल्या होरिउचींच्या हाती नुसता कागद आला : 'दगड एक. प्राण काढलेला.' आवार रिकामं करायचं होतं. माझ्या गळ्यात चुऱ्याची पिवळी चिठ्ठी पडली.

पलीकडेच खडी करणारं यंत्र. रोज माझ्या रांगेतले काही दगड जात. आधी कडकड, मग करकर, मग खडी ओतल्याचा आवाज. मला ओरडता येईना. आपल्या आत कोणी उरलंय का, हेच मी चाचपत राहायचो.

माझ्यापुढे दोनच दगड उरले, तेव्हा ऑगस्टातल्या सणासाठी मला दरवर्षी लाल लाळेरं शिवणाऱ्या तोमिए आजी काठी टेकत आत शिरल्या.

"आजी, इथे यायचं नसतं! यंत्र सुरू आहे," होरिउची धावले.

"म्हणूनच आले. चौक धुंडून पाय मोडले माझे. याला इथे कोणी टाकला?"

"कागदावर हा दगड आहे. प्राण काढलाय त्याचा."

"काढलाय, मग घालायचा कोणी? तुझी बदली झाली की तुझाही प्राण काढून कपाटात ठेवतात का रे?"

यंत्रावरचा माणूस फिस्सकन हसला. आजींनी पिशवीतून नवं लाळेरं काढून माझ्या गळ्यात बांधायला घेतलं. होरिउचींचे कान लाल झाले. "पण विधीआधी लाळेरं बांधून काय उपयोग?"

"विधी भिक्षू करतील. तोवर पोराला उघडं ठेवू होय?"

होरिउचींनी कमरेत वाकून माफी मागितली आणि स्वतःच्या हाताने चिठ्ठी काढली.

चौथ्या दिवशी मी चौकाच्या कडेला, नव्या जागी आलो. भिक्षूंनी मंत्र म्हणून प्राण घातला. खरं सांगू? तो गेलाच नव्हता. नाहीतर यंत्र कडाडायचं तेव्हा भीत कोण होतं?

मित्रांनो, अजूनही मोठा ट्रक गेला की मी हबकतो. शहर वाढू द्या, ते तुमच्यासाठीच वाढतंय. पण कुणाला जागेवरून उठवाल, तर परत कुठे बसवणार ते आधी ठरवा. ज्याला तुम्ही नुसता दगड म्हणता, तो आतून थरथरत असेल.