शून्याची ओळ

ईशिताच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मुरलीधर पेठे स्वतःला सांगत असत. खरं तर त्यांनी ते मुद्दामच ठेवून दिलं होतं, आधी टेबलावर आणि नंतर उशाशी असलेल्या इतिहासाच्या जाड पुस्तकाखाली.

ईशिता त्यांच्या मित्राची मुलगी. नॉटिंगहॅमबाहेरच्या ज्या मोटार कारखान्यात मुरलीधरांनी हिशेबनीस म्हणून उभं आयुष्य काढलं, तिथेच ती आता मजुरीच्या खर्चाचा विभाग सांभाळत होती. काका ईमेल उघडत नाहीत हे ठाऊक असल्यानं तिनं हातानं लिहिलं होतं: ‘काका, हेड ऑफिसला वेटिंग रूम बंद करायची आहे.’

वेटिंग रूम म्हणजे असेंब्ली लाइनच्या टोकाशी असलेलं एक लांबलचक बाक. ज्यांचा खांदा, गुडघा नाहीतर पाठ सरकारी हॉस्पिटलच्या तारखेची वाट पाहत असे, ती माणसं तिथे बसून क्लिपा निवडत आणि स्क्रू तपासत. त्यांचा पगार शेवटी गाड्यांच्याच किमतीत जाई. आता अमेरिकेतल्या हेड ऑफिसनं टूम काढली होती की या लोकांना आजारपणाच्या किमान भत्त्यावर घरी पाठवायचं आणि वाचलेल्या पैशातून सगळ्या लाइनला खासगी विमा काढायचा, म्हणजे पुढे कुणी थांबायलाच नको. ‘कागदावर छान दिसतं, पण मला पटत नाही,’ ईशितानं लिहिलं होतं. ‘तुमच्या नावाला तिथे अजून मान आहे. चूक की बरोबर, ते सहीनिशी लिहून द्या. मीटिंग महिनाअखेरीला आहे.’

मान होता तो एका जुन्या तक्त्यामुळे. एक नवी गाडी अमेरिकेतल्या ओहायोच्या कारखान्याला द्यायची की इथल्या, असा प्रश्न होता, तेव्हा दोन्हीकडच्या मजुरीची तुलना मुरलीधरांनी केली होती. ओहायोच्या रकान्यात कामगारांच्या आणि पेन्शनरांच्या औषधपाण्याचा आकडा एवढा मोठा होता की प्रत्येक गाडी तो पाठीवर घेऊनच कारखान्याबाहेर पडे. इथल्या रकान्यात त्याच ओळीत त्यांनी शून्य लिहिलं. हॉस्पिटल सरकारचं, बिल कारखान्याकडे येतच नव्हतं. गाडी इथे आली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मुरलीधर मागच्या खुंटीवर आपली छत्री शोधत होते.

आता तेच शून्य त्यांना उत्तर लिहू देत नव्हतं. त्यांच्या पत्नी शैलाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन त्याच सरकारी हॉस्पिटलात वर्षाहून अधिक काळ लांबलं होतं. जिना दणदण चढणारी बाई खालच्या बैठकीत पलंग टाकून झोपत होती. अशा घरात बसून दिलेलं मत हिशेबनिसाचं म्हणायचं की रागावलेल्या नवऱ्याचं, हे मुरलीधरांना काही ठरवता येईना.

“अहो, तिनं तुमचं मत मागितलंय, किडनी नाही,” शैलाबाई म्हणाल्या.

“माझी माहिती जुनी झाली आता.”

“माझा खुबाही जुनाच आहे. उभी राहतेच की मी!”

त्या आठवड्यात शैलाबाईंना तपासणीला बोलावलं होतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ती दोघं बसली होती, तोच समोरून हाक आली.

“अरे काका! काकू! तुम्ही पण क्यूमध्ये?”

तो देव होता. नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, कारखान्यात वर्षानुवर्षं गाड्यांचे दरवाजे बसवणारा. डाव्या हातानं तो उजवं कोपर धरून होता.

“तुला काय झालं रे?” शैलाबाईंनी विचारलं.

“माझी खांदा, काकू. हात वर जात नाही. स्कॅन झाला, सर्जनची डेट नाही. आता बाकावर क्लिप्स सॉर्ट करतो. बायको म्हणते, एवढे वर्ष दरवाजे लावलास, आता बीड्स ओवतोस!”

मुरलीधरांनी घसा खाकरला. “बाक बंद झालं तर... विमा देणार आहेत ना तुम्हाला?”

“त्यांचा माणूस आला होता ना समजवायला. मी विचारलं, माझी खांदा? तो म्हणाला, सॉरी, ते तर ऑलरेडी दुखतंय. आधीचं दुखणं त्यात बसत नाही. नवीन काही मोडलं तर वेलकम!” देव मोठ्यानं हसला. शेजारच्या बाईनं मान वळवली, तसा तो थांबला. मग हळू म्हणाला, “काका, एकदा घरी पाठवलं ना, तर मला परत कोण बोलावणार? माझे बाबा पण असेच घरी बसले होते. थोडे दिवस म्हणून. मग बसलेच.”

तेवढ्यात नर्सनं देवचं नाव पुकारलं. जाताना त्यानं काकूंच्या काठीला डाव्या हातानं सलाम ठोकला.

शैलाबाईंना त्याही दिवशी ऑपरेशनची तारीख मिळाली नाही. घरी पोचल्यावर कोटही न काढता मुरलीधर जेवणाच्या टेबलाशी बसले आणि लिहू लागले.

‘चि. ईशिता,

उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. त्या ओळीत मी शून्य लिहिलं होतं. कारखान्याच्या बाजूनं ते खरं होतं, आजही बरंचसं खरं आहे. पण खर्च नव्हता असा त्याचा अर्थ नव्हे. तो आपल्या सगळ्यांच्या करातून भागत होता. आता सरकारचा हात आखडला आहे, म्हणून उरलेला भार आजारी माणसं थांबून उचलतात. बाकाचा पगार हा त्यातला कारखान्याच्या वाट्याला आलेला लहानसा भाग आहे. तो टाळायला विमा घेतलात, तर ओहायोची ओळ आपल्या तक्त्यात येईल. ती वर्षानुवर्षं वाढताना मी पाहिली आहे, घटताना कधी पाहिली नाही. आणि आज बाकावर बसलेल्यांचं दुखणं त्या विम्यात बसतच नाही, हे वरच्यांना विचारून खात्री करून घे. बाक राहू द्या. हात खांद्याच्या वर न्यावा लागतो अशी कामं आलटूनपालटून द्या. कारखान्यात एक फिजिओथेरपिस्ट ठेवा. माझी पत्नी स्वतः ऑपरेशनसाठी थांबली आहे, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलं असेल. ते ध्यानात ठेवून वाच.’

शैलाबाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं, मग पत्राखाली जोडलेल्या माफीवजा परिच्छेदावर बोट ठेवलं.

“‘कदाचित माझं चुकतही असेल’ हे तीनदा कशाला?”

“चुकत असेलच ना.”

“एकदा राहू द्या. तिसऱ्यांदा वाचलं की त्या लोकांना ते खरंच वाटेल.”

मुरलीधरांनी दोन वाक्यं खोडली आणि पत्र नव्या कागदावर उतरवून काढलं. सहीपाशी मात्र पेन थबकलं. कारखान्यात साहेबाच्या सहीखाली कोपऱ्यात दोन आद्याक्षरं, एवढीच त्यांची सही असे. आता साहेब कुणी नव्हता. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘हे मत माझ्या नावानं मीटिंगमध्ये वाचायला हरकत नाही.’

लाल टपालपेटी गल्लीच्या टोकाला होती. शैलाबाईही काठी टेकत निघाल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. मीटिंग जेमतेम आठवड्यावर आली होती. पत्र वेळेत पोचेल का, पोचलं तरी कुणी ऐकेल का, का बाक आधीच उचललं असेल, असे सगळे प्रश्न मुरलीधरांच्या डोक्यात त्या चार पावलांत येऊन गेले. पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात रेंगाळला. शैलाबाई मागे काठीवर रेलून उभ्या होत्या.

पाकीट आत पडलं.