परवान्यावरचं नाव

बिदरच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून मी पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. स्वतःची चूक मी सहसा कबूल करत नाही. ही एक करतो, कारण तिच्यापायी एका बाईचं दुकान जाणार होतं.

मन्नाएखेळ्ळीच्या श्रीपतरावांनी सडकेला लागून तुरीच्या डाळीचं दुकान घातलं होतं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शननंतर दुसऱ्या वर्षी परवान्याची सक्ती झाली, तेव्हा ते माझ्याकडे आले. दुकान कोणाचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, अण्णांचं. अण्णा म्हणजे थोरले भाऊ हणमंतराव, राहणार ठाणाकुशनूर. दुकानावर पाटीही 'हणमंतराव डाळ दुकान' अशीच होती. मी मालकाच्या रकान्यात हणमंतराव लिहून मोकळा झालो. आमच्याकडे धाकटा भाऊ घर, बैल, विहीर कशालाच 'माझं' म्हणत नाही, सगळं अण्णांचं म्हणतो. हे मला काय ठाऊक नव्हतं? पण पुढे एक प्रश्न विचारायचा मी आळस केला.

श्रीपतराव दोन वर्षांनी तापानं गेले. डाळ पहिल्यापासून त्यांची बायको सोजराबाईच करायची. तुरीला तेलपाणी लावणं, वाळवणं, जात्यावर भरडणं, पाखडणं सगळं तिचं. नवऱ्यामागे ती दुकानातही बसू लागली आणि दुकान आधीपेक्षा बरं चाललं. मग परवाना नवा करायची वेळ आली आणि थोरल्या दिरांचा निरोप आला. यंदापासून दुकानात आपला जावई बसेल, सोजराबाईनं घरी राहून डाळ करून द्यावी, पोटापुरतं मिळेल.

तो परवाना घेऊन ती माझ्याकडे आली. मी वाचला आणि अर्जाची नक्कल काढून पाहिली. अक्षर माझंच होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. मी तिला सरळ सांगितलं की पाटी गिऱ्हाइकासाठी असते, तिच्यावर देवाचं नाव घाला नाहीतर बैलाचं, सरकारला काही नाही. पण मालकाच्या रकान्यात ज्याचा धंदा त्याचंच नाव लागतं, आणि तिथं मी पाटीवरचं उतरवून ठेवलंय. आता ही रडणार, असं मला वाटलं.

"मग दुरुस्त करा," ती म्हणाली. "रडायचंच आसतं तर एवढ्या लांब कामून आले आसते?"

मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला, खाली माझी चूक लिहिली आणि सही केली. शेजारी बसणारा गुरुपादय्या म्हणाला की अशानं उद्या तुझ्याकडे कुत्रंही अर्ज लिहायला यायचं नाही. न येऊ दे, म्हटलं.

सुनावणीला हणमंतराव नवा पटका बांधून आले. लग्नाच्या सोळा वर्षांत सोजराबाई त्यांच्यासमोर कधी बोलली नव्हती, बोलायचं ते दाराआडून. त्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन ती त्यांच्या शेजारी, तहसीलदारांच्या टेबलासमोर उभी राहिली. साहेबांनी माझा अर्ज वाचला आणि हणमंतरावांना विचारलं, तुम्ही कधी दुकानात बसलात का? माणूस खोटारडा नव्हता. उलट त्यांना प्रश्नाचंच हसू आलं.

"मी कशाला बसू, साहेब? नाव माझं हाय की."

साहेबांना जेवायची घाई असावी. त्यांनी मध्यम मार्ग काढला: परवाना थोरल्यांच्या नावे राहू द्या, दुकान बाई चालवील, घरची गोष्ट घरात राहील. हणमंतरावांनी लगेच होकार दिला. सगळे सोजराबाईकडे पाहू लागले. इथं हिनं मान डोलावली की पुढच्या वर्षी जावई हजर, आणि तेव्हा माझी सहीसुद्धा कामाची नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "दुकान कोणाचं म्हणून आमच्या हेंना इचारलं, तवा हेनी अण्णांचं म्हणून सांगितलं. त्यो मान झाला. मला कुणी इचारलंच न्हाई. आता इचारा."

साहेबांनी विचारलं, दुकान कोणाचं?

"माझं हाय. सोजराबाई श्रीपतराव. तसंच लिवा."

पेशकारानं माझ्या अक्षरावर काट मारली आणि वर तिचं नाव लिहिलं. माझं लिहिलेलं खोडलं गेलं आणि मला आनंद झाला, असं जन्मात एकदाच घडलं.

हणमंतराव लालबुंद झाले. पाटीवर कोणतंही नाव चालतं, हे साहेबांनी त्यांना दोनदा सांगितलं, तरी त्यांचा हट्ट सुटेना. त्यांचं नाव आजच्या आज पाटीवरून उतरलं पाहिजे, लोकांत त्यांची शोभा होते.

सोजराबाईनं परवाना घडी करून कमरेला खोचला. मग आयुष्यात पहिल्यांदा ती दिराकडे वळून बोलली.

"पाटी हाय तशीच ऱ्हाईल, अण्णा. हणमंतरावाची डाळ म्हणून लोकं हुमनाबादहून येत्यात, ती डाळ मी केलीया. तुमाला त्या नावाची लईच अडचण व्हायली आसंल, तर तुमी तुमचं बदला."