आखाजीच्या शिव्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी नसेल तर झोका बांधायचा तरी कोणासाठी? माझी लग्नानंतरची पहिलीच आखाजी. माहेर सावरी, सासर बोरपिंप्री, मधे घोट्याएवढी पांझरा नदी. तरी मी अडकलेली, कारण दोन्ही गावांनी येणंजाणं तोडलं होतं.

नदीवर बंधारा एक आणि काठाकाठाने पाट दोन. सावरीकर म्हणत, बोरपिंप्रीचे बंधाऱ्याचा गाळ काढायला येत नाहीत. बोरपिंप्रीकर म्हणत, सावरीचे पाळी नसताना पाणी फोडतात. धुळ्याहून मामलेदारसाहेब घोड्यावर आले, दोघांना समज देऊन, दूध पिऊन गेले. पंच दोनदा बसले. पुरुषांची बैठक ती! जो तो आपलंच दळण दळणार, ऐकणार कोण? शेवटी माझे सासरे उखर्डूआबा, बोरपिंप्रीचे पाटील, म्हणाले, "सावरीले कोनी जावानं नही." झालं, माझी आखाजी बुडाली.

आमच्याकडे आखाजीला नदीच्या दोन्ही काठांवर बायका उभ्या राहतात आणि पलीकडच्या गावाला शिव्या देतात. दिवेलागणीपर्यंत कोणी राग मानायचा नाही, असा रिवाज. एरवी माहेरवाशिणी माहेरच्या काठावर असतात. यंदा सगळ्या सासरच्या काठावर.

"दे सावरीले!" माझ्या सासूबाई झुंबरबाईंनी मला ढोसलं.

समोर सावरीच्या बायकांत माझी माय उभी होती, कपाळावर हात धरून मला शोधत. तिला शिवी देऊ? माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मग असा राग आला म्हणून सांगू! मी नदीकडे पाठ केली. निंबाखाली आबा बसले होते.

"ओ आबा! तुम्हना गावना फावडास्ले गंज चढना का? गाळ काढाले एक तरी गडी ऊना का?"

मग सावरीच्या बाकीच्या लेकीही वळल्या आणि आपापल्या सासऱ्यांवर तुटून पडल्या. तेवढ्यात पलीकडून आरोळी आली. बोरपिंप्रीच्या पाटाचं पाणी सोडणाऱ्या लोटन पाटकऱ्याची बहीण कुंदा, सावरीला दिलेली, तीही आपल्या सासरच्यांकडे वळली होती.

"अरे चोट्टास्वन! मना भाऊना पाट कोरडा, अन् तुम्हना ऊस हिरवागार!"

सगळ्यांत आधी सासूबाई हसल्या, पोट धरून. मग दोन्ही काठ हसले. आबांचा चेहरा लालबुंद झाला, पण आखाजीला रागावणार कसे?

"सून बोलनी ते खरं शे," ते उठत म्हणाले. "आपण गाळ काढाले गऊत नही."

धोतर खोचून ते नदीत उतरले. पलीकडून सावरीचे पाटील रुपचंदनाना आले. पाण्यात उभ्यानेच ठरलं. गाळ दोन्ही गावांनी मिळून काढायचा. सावरीचा पाट लोटनने उघडायचा, आणि बोरपिंप्रीचा सावरीच्या पाटकऱ्याने, म्हणजे पाळी नसताना पाणी फोडायला कोणाला वावच नाही.

आबा माझ्याकडे वळले. "देखस काय? जाय, तुनी माय वाट देखी ऱ्हायनी!"

मी पाणी उडवत पळाले ती थेट मायच्या गळ्यात. ती रडत होती, हसत होती, आणि सासऱ्याला असं बोलतात का म्हणून पाठीत धपाटेही घालत होती.

मागून हाक आली. आबा अजून पाण्यातच उभे होते, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

"सूनबाई, आते माहेरना काठवरथून दे ना! दिवा लागना नही अजून!"

सगळी सावरी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. पण त्या माणसासाठी मला एक शिवी सुचेल तर शपथ.