मी गिळलेली तारीख

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जळका आहे. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे तुम्ही मला फार गुणी समजणार नाही.

कारखान्यात एका दिवसात माझी शेकडो भावंडे तयार झाली. त्यांतला मी एका संगीतकार बाईंच्या घरी आलो. बाई रेडिओ आणि टीव्हीच्या कार्यक्रमांना चाली देत. भांडी घासताना चाल सुचली, की ओल्या हातानेच माझे लाल बटण दाबत. आधी तारीख सांगत, मग चाल कशासाठी आहे ते, आणि मग गुणगुणत. ती चाल जगात सर्वांत आधी मी ऐकायचो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

त्यांची एक चाल बातम्यांसाठी होती. अवघ्या बारा सुरांची, पण अशी गाजली की रस्त्याने जाणारी माणसे ती शिट्टीवर वाजवू लागली. वीस वर्षे रोज तीच चाल आणि मागून बातम्या.

मग बाईंच्या लेकीने घरात संगणक आणला. नव्याचे नऊ दिवस, असे म्हणून मी गप्प बसलो. नवाचे नव्वद झाले, नव्वदाचे नऊशे झाले. मी कपाटावर गेलो आणि माझ्या डोक्यावर इस्त्री बसली. खाली बाई त्याचा पडदा मऊ फडक्याने पुसत, त्याच्याशी लाडाने बोलत. तळपायाची आग मस्तकात जायची. मला तळपाय नाहीत, ही गोष्ट वेगळी.

एके दुपारी संगीतकारांच्या संस्थेचे पत्र आले. कार्यक्रमात कोणती चाल वाजली आणि ती कोणाची, याची यादी या संस्थेकडे असते. चाल जितक्या वेळा वाजेल तितक्या वेळा तिच्या कर्त्याला त्याचा वाटा मिळतो. त्यालाच रॉयल्टी म्हणतात. पत्रासोबत ती यादी होती आणि बातम्यांच्या चालीपुढे नाव होते स्टुडिओत ती मुद्रित करणाऱ्या ध्वनिमुद्रकाचे.

"अगं, तो तर नुसता बटणांपुढे बसला होता!" बाई म्हणाल्या.

"आई, तेव्हा तू यादीत नाव लिहिलं होतंस का?" लेकीने विचारले.

"त्यात लिहायचं काय? सगळ्यांना माहीत होतं की."

बाईंनी रकाना कोरा ठेवला आणि त्याने तो भरला. आयत्या बिळावर नागोबा! आपली चाल रोज दुसऱ्याच्या नावाने ऐकायची, हे बाईंना सोसेना. बातम्या लागल्या की त्या उठून आत जात.

संस्थेने पुरावा मागितला. लेकीने संगणक उघडला. चाल होती, पण तिची तारीख बातम्या सुरू झाल्यानंतर एकवीस वर्षांची. बाईंनी ती त्याच्यात पुन्हा वाजवून ठेवली होती ना! माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाईंवर संकट आणि मी खूश, इतका मी वाया गेलो होतो.

शेवटी माझी आठवण झाली. इस्त्री उतरली, कॅसेट बसली, बटण दाबले गेले. मायलेकी माझ्यावर वाकल्या. पण लेक म्हणाली, "एकदा वाजली की लगेच संगणकात घेऊ, आणि याला देऊन टाकू भंगारात."

मित्रांनो, तिथे माझे डोके फिरले. मी रबरी चाकाखाली फीत ओढली आणि करकचून चावली. कुर्रर्र झाले आणि मी थांबलो.

बाई रागावल्या नाहीत. "म्हातारा झालाय बिचारा," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. बोटाच्या टोकाने फीत सोडवली. कॅसेटमध्ये पेन्सिल घालून ती पुन्हा गुंडाळली. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून माझे तोंड आतून पुसले. इतक्या वर्षांनी तो हात लागला आणि मी शरमेने अर्धा झालो.

पुन्हा बटण दाबले. मी जीव ओतून वाजलो. पण सुरुवातीला नुसती खरखर आली. मी चावलेल्या जागी नेमकी तारीख होती. पुढे बाईंचा तरुण आवाज आला, "बातम्यांसाठी", आणि बारा सूर. बाईंनी डोळे मिटून घेतले. चाल संपता संपता एक चिमुकला आवाज आला, "आई, उद्या मी सात वर्षांची होणार ना?"

लेक ताडकन उठली. "आई, हा माझा आवाज आहे! माझा सातवा वाढदिवस, म्हणजे बातम्या सुरू व्हायच्या आधी आठ दिवस!"

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून संस्थेत गेलो. तिथल्या कारकुनाने जन्माचा दाखला पाहिला आणि चाल तीनदा ऐकली. "ताई, तुमचा हा लहानपणीचा आवाज आता कुठून आणणार कोणी?" तो लेकीला म्हणाला. त्याने यादीतले नाव बदलले. "एवढी वर्षं रकाना कोरा का ठेवलात?" असे मात्र त्याने बाईंना विचारलेच.

माझी चाल आता संगणकाच्या पोटात आहे. बाई हल्ली त्यालाच तारीख सांगतात, नाव सांगतात, मगच गुणगुणतात. लेकीने मला भंगारात दिले नाही. तरी अजून माझा जळफळाट होतो, खोटे कशाला बोलू?

पण तुम्ही काही रचलेत, तर त्यावर आपले नाव त्याच दिवशी लिहा. दुसऱ्याचे वापरलेत, तर त्याला विचारा आणि त्याचे नाव सांगा. कोणाचा हेवा वाटला, तर खुशाल वाटू द्या, त्याची कॅसेट मात्र चावू नका. ध्वनिमुद्रकाने बाईंच्या जागी आपले नाव लिहिले, हे सगळे जाणतात. फीत मी मुद्दाम चावली आणि तारीख गिळली, हे बाईंना अजून माहीत नाही. फीत जुनी होती, असेच त्या सर्वांना सांगतात.